वजनाबाहेरचं टपाल

२ फेब्रुवारी २००६, गुरुवार

जहाजावर चौदा वर्षं रोज नोंदवही लिहिली. ती कंपनीची होती, ही माझी. म्हणून पहिल्याच पानावर नियम लिहून ठेवतो: जे केलं ते लिहायचं, आणि जे करायला हवं होतं पण केलं नाही, तेही लिहायचं.

आज केलं ते असं. 'कॅलिओपी' जहाजाच्या ग्रीक मालकाचं पत्र आमची एजन्सी चालवणाऱ्या झेनोव्हियाबाईंनी माझ्या टेबलावर आपटलं. एजन्सी त्याच्या जहाजांना खलाशी पुरवते, आणि खलाशांच्या घरचं टपाल इथून, गलात्स बंदरातल्या या दोन खोल्यांतून, जहाजापर्यंत पोचतं. घरची माणसं लिहितात ते सगळं एका पेटीत जमतं. माझा प्रोग्रॅम ते उपसतो, गठ्ठा बांधतो, आणि साडेचारला जहाज उपग्रहावरून तो उचलतं. उचलायला जितका वेळ, तितकं बिल.

"अहो मार्कोनी," झेनोव्हियाबाई म्हणाल्या. रेडिओवाला म्हणजे मार्कोनी, जहाजावरही हेच नाव होतं. "बायकांना सांगा, थोडक्यात लिहा."

"नवरा चार महिने समुद्रावर असताना?"

"मग तुमच्या त्या यंत्राला सांगा."

यंत्राला सांगितलं. कमांडच्या पुढे एक शब्द जोडला, लिमिट, आणि त्याच्यापुढे तीस हजार. तीस हजार बाइटांहून जड पत्र प्रोग्रॅम उचलणार नाही, पेटीतच राहू देईल. साधी आठ-दहा पानं त्यात सहज मावतात. जाहिराती आणि लग्नांचे फोटो तेवढे अडतील. शिवाय सायलेंट जोडला, कारण प्रत्येक फेरीला प्रोग्रॅम फार बडबडतो आणि मला ते वाचायचा कंटाळा येतो. पत्र अडलं तर तशी सूचना देणाराही एक पर्याय आहे. तो घेतला नाही. सूचना आली की घरची माणसं घाबरून फोन करत सुटतात.

शंका: कुणाचं पत्र जायचं आणि कुणाचं नाही हे मी ठरवणं बरोबर आहे का? रेडिओवाल्याची शपथ दुसऱ्याचं वाचू नये अशी आहे. मी वाचत नाही, तोलतो. पोस्टातही तोलतातच. हे उत्तर मला अर्धंमुर्धं पटलं आहे.

९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी एक बाई आल्या. ओतिलिया मुन्तेआनु, 'कॅलिओपी'वरच्या थर्ड इंजिनिअर नेकुलायची बायको. घरी संगणक नाही. नणंद शाळेच्या कचेरीत आहे, ती तिथून यांची पत्रं पाठवते. नेकुलायची उत्तरं मात्र एजन्सीच्या पत्त्यावर येतात आणि मी ती छापून, घडी घालून, पाकिटात ठेवतो.

त्यांनी पाकीट माझ्यासमोरच फोडलं. वाचून झाल्यावर कागद उलटा करून पाहिला.

"हे बघा दादा. 'तब्येत ठीक. हवा बरी. यंत्राचा पंप दुरुस्त केला. इलिंकाला पापा.' हे पत्र आहे की हवामान खात्याचा अंदाज?"

"जहाजावर वेळ मिळत नाही," मी म्हटलं.

"मी सहा तारखेला दोन पानं लिहिली. त्यातल्या एकाही ओळीला उत्तर नाही. निघायच्या आदल्या दिवशी भांडलो होतो, तेच धरून बसलाय."

मी नेकुलायची बाजू घेतली. खरं तर मला त्याच्याबद्दल काहीच ठाऊक नाही. बंधुभाव म्हणून घेतली.

१५ फेब्रुवारी, बुधवार

नदीवर बर्फाचे तुकडे वाहताहेत. ओतिलियाबाई आल्या. पाकीट नव्हतं. तरी बसल्या. टेबलाच्या पलीकडे फक्त स्टूल होतं, म्हणून आतल्या खोलीतली खुर्ची आणून ठेवली. येणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल.

त्यांनी जे सांगितलं त्याने दिवसभर मन लागलं नाही. इटलीत, त्रेव्हिझोला, त्यांच्या मावसबहिणीने एक काम पाहून ठेवलंय. एका म्हाताऱ्या बाईंचं करायचं, राहायचं तिथेच. मुलीला बरोबर आणायची परवानगी आहे, तशी कुणी देत नाही. जागा अकरा मार्चपर्यंत राखून ठेवली आहे. त्या शनिवारची बस.

"गेले तर वर्ष-दोन वर्षं गेले. तो परत येईल तेव्हा घराला कुलूप असेल. म्हणून विचारलंय त्याला. सरळ विचारलंय, हो म्हण, नाही तर नाही म्हण. नको म्हणालास तर नाही जाणार."

"आणि?"

"आणि पंप दुरुस्त केला."

मी म्हटलं, तुम्ही पाठवलेलं त्याच दिवशी जहाजावर पोचतं, मी स्वतः बघतो. हे वाक्य मी दोनदा म्हटलं. त्यांना धीर यावा हा हेतू होता.

२२ फेब्रुवारी, बुधवार

नेकुलायकडून काही नाही. नदीकाठच्या उंच रस्त्यावर दोनदा चालून आलो. ब्लॉकमध्ये हीटर आहे, पुस्तक आहे, तरी बसवत नाही. दुसऱ्याच्या घरच्या पत्राची वाट मी का बघतो आहे? सवय असावी. जहाजावर घरून तार कुणाला आली आणि कुणाला नाही, हे सगळ्यांच्या आधी मला कळायचं. तेव्हाही जेवताना ज्याला आली नाही त्याच्याकडे बघायचं टाळत असे.

१ मार्च, बुधवार

मार्त्सिशोरचा दिवस, वसंताच्या स्वागताचा. ओतिलियाबाई व्हास्लुईकडच्या. त्यांच्याकडे लाल-पांढरा दोरा बायकांनी पुरुषांना बांधायची रीत. माझ्या कोटाला टाचणीने लावला. "भाऊ नाही मला, तुम्हालाच लावते," म्हणाल्या. मी आभार मानले. दिवसभर कोट काढला नाही, खोली थंड होती.

मग पाकीट दिलं. त्यांनी वाचलं आणि आवाज चढवला नाही, उलट फार हळू बोलल्या.

"ऐका दादा. 'इलिंकाला सांग, बाबा चित्राची वाट बघतोय. कबूल केलं होतंस ना.' चित्राची वाट बघतोय. प्रत्येक पत्राबरोबर चित्र पाठवलंय मी. पोरगी रोज शाळा सुटल्यावर आत्याच्या कचेरीत बसून काढते, आत्या ते मशीनवर ठेवून पाठवते. नऊ चित्रं गेली. हा पत्रं उघडतसुद्धा नाही."

"कामात असेल."

"चाळीस सेकंद लागतात उघडायला."

त्या गेल्यावर पुष्कळ विचार केला. एखादा माणूस इतका निष्काळजी कसा असू शकतो? सात वर्षांच्या मुलीने काढलेलं चित्र. मी असतो तर

पुढची ओळ खोडली. नियमात खोडणं बसतं का, हे ठरवलेलं नाही.

६ मार्च, सोमवार

सकाळी पेटी पुरवणाऱ्या कंपनीची सूचना आली: पेटी भरत आली आहे. हे शक्य नव्हतं. माझा प्रोग्रॅम उपसलेलं पत्र तिकडून पुसून टाकतो, कीप हा पर्याय मी कधीच दिलेला नाही. मग पेटीत आहे काय?

सायलेंट काढला. चेक लावला, म्हणजे काही न उचलता नुसतं आत बघायचं. आणि फेरी मारली.

ओळी एकाखाली एक येत गेल्या. प्रत्येकीत क्रमांक, आकार, आणि शेवटी तेच: फार मोठं, वगळलं. सतरा पत्रं. सहा जाहिराती. अकरा शाळेच्या पत्त्यावरून. पहिलं सहा फेब्रुवारीचं, शेवटचं शुक्रवारचं. एकही तीन लाख बाइटांच्या खाली नाही. चित्रं.

नेकुलायला एकही पत्र मिळालेलं नाही. त्याने निष्काळजीपणा केला नाही. त्याला वाटतंय, बायको रुसून गप्प बसली आहे. म्हणून तोही हवा आणि पंप लिहितो. तो चित्र मागत होता तेव्हा त्याच आठवड्यात मी इथे बसून प्रोग्रॅमचं तोंड बंद ठेवलं होतं.

खुर्चीवरून उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. असं बहुधा बऱ्याच वेळा झालं, कारण झेनोव्हियाबाई आतून म्हणाल्या, "मार्कोनी, जमीन झिजेल."

आज सांगितलं नाही. चूक नक्की कुठे झाली याची खात्री करून घेतल्याशिवाय कुणाला घाबरवणं योग्य नाही.

७ मार्च, मंगळवार

खात्री कालच झाली होती. हे लिहून ठेवतो.

झेनोव्हियाबाईंना एवढंच सांगितलं की पेटी भरली आहे.

"मग रिकामी करा."

"आत घरची पत्रं आहेत. जड आहेत म्हणून अडली."

"किती जड?"

सांगितलं. त्या हसल्या. "एवढ्या बिलाने ग्रीक माणूस स्वतः पोहत येईल. बायकांना सांगा, पुन्हा पाठवा, चित्रं-बित्रं न लावता. आणि आत आहे ते पुसा."

पुसायलाही पर्याय आहेच. लिमिटफ्लश. जे जड म्हणून वगळलं ते पेटीतून काढून टाकतो. एक शब्द, आणि एकही खूण उरत नाही. मग ओतिलियाबाईंना म्हणायचं, चित्र न लावता एकदा लिहून बघा. पत्र पोचेल, उत्तर येईल, सगळं सुरळीत. आधीच्या अकरांचं काय झालं ते कुणालाच कळणार नाही. उपग्रहाकडे बोट दाखवता येतं. उपग्रहाची बाजू कोण घेणार?

तो शब्द टाइप केला. एंटर दाबलं नाही. मग एकेक अक्षर पुसलं.

हे धैर्य नव्हे. हात थांबला, इतकंच.

८ मार्च, बुधवार

महिला दिन. झेनोव्हियाबाईंसाठी ट्युलिप घेतले, रिवाज म्हणून. ओतिलियाबाई येतील असा अंदाज होता, म्हणून त्यांच्यासाठीही एक निळा हायसिंथ, कुंडीतला. कापलेलं फूल दोन दिवसांत सुकतं, असा विचार केला. ज्या बाई शनिवारी जाणार त्यांना कुंडी कशाला, हा विचार नंतर आला.

त्या आल्या. बसल्या. फूल बघून खूश झाल्या. "नेकुलायने तर आज एक ओळही पाठवली नसेल," म्हणाल्या. पाठवली होती. पाकीट दिलं. 'महिला दिनाच्या शुभेच्छा. आठवण येते. तूही लिही.'

"तूही लिही," त्यांनी दोनदा वाचलं. "ही चेष्टा आहे का हो दादा?"

इथे मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं: तो खरंच म्हणतोय, त्याला काही मिळालेलं नाही, दोष माझा आहे. तीन तुकडे. तेवढ्यात त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुम्ही नसता तर मी कुणाशी बोलले असते?"

मी त्यांना कॉफी करून दिली. तास दीड तास बसल्या. त्रेव्हिझोबद्दल बोललो.

त्या गेल्यावर झेनोव्हियाबाई म्हणाल्या, "ही बाई आली की तुमचा टाय सरळ होतो." मी आरशात पाहिलं. टाय सरळच होता, पण तो आधीपासून तसा असणार.

९ मार्च, गुरुवार

दिवसभर एकच प्रश्न घोळवत बसलो. पत्रं पाठवायची तर दोन मार्ग. एक, प्रत्येक उघडायचं, चित्र काढून टाकायचं, मजकूर पाठवायचा. म्हणजे शपथ मोडायची. दुसरा, लिमिट शून्य करायचं. शून्य म्हणजे वजनाची अटच नाही. त्याला ऑल जोडायचं, म्हणजे जुनी राहिलेलीही उचलली जातील. म्हणजे मालकाचा हुकूम मोडायचा.

दोन्ही बाजूंनी मुद्दे काढले, चार-चार. समान भरले. पुन्हा काढले. पुन्हा समान. मुद्दे मांडणारा मीच होतो.

एक तिसरी गोष्ट होती: शाळेत ओतिलियाबाईंच्या नणंदेला फोन करून पत्रं चित्रांशिवाय पुन्हा पाठवायला सांगायचं. त्याला पाच मिनिटं लागतात आणि एकही नियम मोडत नाही. हे मला सायंकाळी सुचलं. आधी का सुचलं नाही? तोपर्यंत शाळा बंद झाली होती.

१० मार्च, शुक्रवार

ओतिलियाबाई निरोप घ्यायला आल्या. इलिंका बरोबर होती. लाल टोपी, पुढचे दोन दात पडलेले. त्यांनी घरच्या झाकुस्काची बाटली आणली होती, म्हणजे वांग्याची चटणी.

"काका," इलिंका माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही जहाजात राहत होता ना?"

"हो."

"बाबांच्या खोलीला खिडकी आहे?"

"गोल. छोटी."

"म्हणजे भिंत मोठी. अकरा चित्रं लागली असतील ना? आई म्हणते नसतील लागली."

ओतिलियाबाई म्हणाल्या, "चल गं, काकांना काम आहे."

 दार लागल्याबरोबर बसलो आणि कमांड लिहिली. लिमिट, शून्य. ऑल. सायलेंट नाही. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. अकरा पत्रं गठ्ठ्यात आली. जाहिराती हाताने काढल्या.

मग आत जाऊन झेनोव्हियाबाईंना सांगितलं.

"पुसलीत?"

"नाही. पाठवतोय. सगळी. चित्रांसकट."

त्यांनी चष्मा काढला. "ग्रीकाला काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

"ते सांगणारच आहे. दुसरं काय?"

साडेचारला जहाजाने टपाल उचलायला सुरुवात केली. रोज दोन मिनिटं लागतात. आज पाच वाजले तरी पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. मी उभाच होतो. पाच वाजून बारा मिनिटांनी संपलं.

आता वाटतं, दार लागलं तेव्हाच खाली धावत जाऊन ओतिलियाबाईंना सांगायला हवं होतं. त्या ट्रामच्या थांब्यावर असतील, खिडकीतून दिसल्या असत्या. मी खिडकीशी गेलो नाही. आधी जहाजाचं उत्तर येऊ दे, असं स्वतःला सांगितलं.

११ मार्च, शनिवार

सुट्टी, तरी आठला कचेरी उघडली. नेकुलायचं उत्तर आलेलं होतं. न वाचता छापलं, म्हणजे कागद यंत्रातून उलटा बाहेर येईल असा घातला. घडी केली. बस साडेनऊची, स्टेडियमच्या मागच्या मैदानातून.

मैदानात पाच बसगाड्या होत्या. त्रेव्हिझोची तिसरी. ओतिलियाबाई खिडकीशी, इलिंका काचेवर बोट फिरवत. मी पाकीट वर केलं. त्या खाली आल्या.

"दादा, तुम्ही कशाला एवढ्या लांब."

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग मला म्हणाल्या, "ऐका." मी म्हटलं, तुमचं खासगी आहे. "नाही. हे तुम्हीच ऐका."

'ओतिलिया, काल अकरा पत्रं एकदम आली. पहिलं सहा फेब्रुवारीचं. कॅप्टन म्हणाला, एजन्सीत अडली होती. मला वाटलं तू बोलणंच टाकलंस. जा किंवा जाऊ नको, हे कागदावर कसं सांगू. मंगळवारी लास पाल्मासहून फोन करतो. तोवर थांब, एवढंच मागतो. चित्रं लावली. दोन दारावर लावावी लागली.'

त्यांनी कागद घडीवर घडी घालून अगदी बारीक केला.

"एजन्सीत म्हणजे तुमच्याकडे?"

"हो. जड पत्रं थांबवायची अट मी घातली होती. अडलेलं मला दिसत नव्हतं."

"मग दिसलं कधी?"

हे विचारतील हे मला माहीत होतं. वाटेत ट्राममध्ये 'काल' असं उत्तर तयार केलं होतं. पाठवलं काल, म्हणजे ते पूर्ण खोटंही नव्हतं.

"सोमवारी," मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारच्या बोटावर थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे मोजलं नाही.

मग वळून ड्रायव्हरला म्हणाल्या, "माझी पेटी काढा."

"मॅडम, तुमची पेटी तळाला. तिच्यावर अख्खं गलात्स रचलंय."

"मग गलात्स उतरवा."

बसमधून एक बाई ओरडली, "नवऱ्याने परत बोलावलं वाटतं. मलाही मिळू दे असा नवरा." दुसरी म्हणाली, "तुझा नवरा तू बसमध्ये चढेपर्यंत हात हलवत होता, जातेस हे पक्कं करून गेला." सगळ्या हसल्या. पेट्या उतरल्या, चीजच्या बादल्या उतरल्या, कुणाचं तरी शिवणयंत्र उतरलं. मी हात लावायला गेलो.

"राहू दे," ओतिलियाबाई म्हणाल्या. दादा म्हणाल्या नाहीत. गर्दीत राहून गेलं असेल.

१३ मार्च, सोमवार

ग्रीक मालकाचा निरोप आला. झेनोव्हियाबाईंनी मला वाचून दाखवला नाही, म्हणाल्या, "काम करा." अडलेल्या पत्राची सूचना देणारा पर्याय कमांडला जोडला. आज कुणी खुर्चीवर बसलं नाही. चार वेळा दाराकडे पाहिलं, दरवेळी वाऱ्याने वाजलं होतं.

उद्या नेकुलाय लास पाल्मासला. घरी फोन झाला की तो एजन्सीलाही करणार, करायलाच हवा. काय विचारेल ते लिहून काढलं आणि प्रत्येकाखाली खरं उत्तर लिहिलं. अट कुणाच्या सांगण्यावरून? आवाज बंद का? कळल्यावर पाठवायला शुक्रवार का उजाडला? तिसऱ्या प्रश्नाखाली तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही खोडली. चौथं ठेवलं: माहीत नाही. ते खरं आहे का, हे बघतो आहे.

१४ मार्च, मंगळवार

सव्वाअकराला फोन वाजला. तारेत समुद्रपारची ती थोडीशी दिरंगाई.

"रेडिओवाले का?"

"हो. सेवेर बुत्नारु."

"नेकुलाय मुन्तेआनु. घरी बोललो आत्ताच. ती थांबली आहे."

"बरं झालं."

"त्रेव्हिझोची जागा रविवारी दुसरीला दिली. बहीण म्हणाली, एक दिवसही धरून ठेवता येत नव्हती."

मी कागद पुढे ओढला.

"त्याबद्दल मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "जायचं की नाही ते आम्ही ठरवलं असतं. दोघांनी." मागे बंदराचा आवाज येत होता, क्रेनचा. "ती म्हणते तुम्ही जहाजावर होता."

"होतो."

"किती वर्षं?"

"चौदा."

"मग मी तुम्हाला काय सांगू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नीट ऐकलं मी, खरंच नव्हता. मागून कुणीतरी त्याला हाक मारली, तो "आलो" म्हणाला, आणि फोन ठेवला.

माझ्यासमोर प्रश्नांचा कागद होता, पाठपोट लिहिलेला. त्यातलं एकही त्याने विचारलं नाही.